बोनेटला आधी हात लावून बघ

चिमे, तू पाठवलेले फोटो बघितले. फोक्सवॅगनची लाल पोलो, २०१३ ची, सीटवर नवी कव्हरं, डॅशबोर्डवर कसलंसं चकचकीत पॉलिश. खाली तुझा मेसेज : "ताई, सिंगल ओनर, ५२ हजार किलोमीटर, उद्याच टोकन देऊ?" अगं, दम धर जरा. इतक्या वर्षांची गाडी एका रात्रीत कुठे पळून जात नाही. आणि 'दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय' हे वाक्य मी आजवर ज्या ज्या विकणाऱ्याकडे गेले, त्या प्रत्येकाकडे ऐकलंय. ते दुसरं गिऱ्हाईक मला अजून एकदाही दिसलेलं नाही.

मला हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. माझी पहिली पोलो मी अशीच घेतली होती, रविवारी भरदुपारी, एका दुकानातून. नाव सांगत नाही, तेही आता तिथे नाही. मी पोचले तेव्हा गाडी आधीच चालू करून ठेवलेली. मला वाटलं, वा, काय तत्पर लोक आहेत! दोन महिन्यांनी आईला घेऊन कोल्हापूरला निघाले आणि खंबाटकीच्या चढाला मीटरवर लाल दिवा पेटला, मग बोनेटखालून वाफ. आई मागच्या सीटवर, मांडीवर धपाट्यांचा डबा. मेकॅनिकने कुलंटची टाकी उघडली तर आत चहासारखं गढूळ पाणी. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलेलं, वरून कुठलंतरी हिरवं कुलंट. वॉटर पंपापासून होजपर्यंत सगळं बदलावं लागलं. आई अजूनही त्या घाटात आली की विचारते, "पाणी बघितलंस ना गं?"

तरी मी तुला पोलो घेऊ नकोस असं म्हणणार नाही. ती आपल्याच अंगणातली आहे. चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षाअखेर तिथे ही गाडी बनायला लागली. २०१० मध्ये जगातली 'कार ऑफ द इयर' ठरलेली हीच पिढी. दार लावल्यावर येणारा तो जड 'धप्' आवाज, हायवेवर रस्त्याला धरून चालणं, हे सगळं खरं आहे. शिवाय २०२२ पर्यंत ती बनत होती आणि व्हेन्टोला, स्कोडाच्या रॅपिडला तिचे कितीतरी पार्ट चालतात, त्यामुळे सामान मिळत नाही ही भीतीही फारशी खरी नाही. नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांतून एक चक्कर मारली तर कळेल.

पण ही गाडी काटेकोर आहे. लोक तिला नाजूक म्हणतात, ते मला पटत नाही. जे सांगितलंय ते तेल, जे सांगितलंय ते कुलंट, वेळच्या वेळी, एवढंच ती मागते. आपल्याकडे 'चालतंय की' म्हणून जी गाडी ओढायची सवय आहे ना, ती या गाडीला झेपत नाही. तेव्हा तू गाडीचा रंग शोधू नकोस. 'चालतंय की' न म्हणणारा मालक शोध.

आता इंजिनाचं बोलू. तुझ्या बजेटमध्ये बहुतेक १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन मिळेल, तीन सिलिंडरचं, ७५ हॉर्सपॉवरचं. जोर बेताचा, एसी लावून भोर घाट चढताना गिअर उतरवावेच लागतात. पण गरज भागवणारं आहे. पोलोच्याच जीटी टीएसआय मॉडेलचा मोह तुला होणार, मला माहितीये, तुझ्या ऑफिसातल्या त्या मित्राने डोक्यात भरवलंय. चालवायला ती अफाटच आहे. पण तिच्यातला सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ड्राय क्लचचा आहे, आणि वाकड ते हिंजवडीच्या सरपटत्या ट्रॅफिकमध्ये तो क्लच तापतो, झिजतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी हिसके देऊ लागली, की समज बिल तयार होतंय. त्यातलं मेकाट्रॉनिक नावाचं युनिट गेलं, तर येणारा आकडा जुन्या गाडीच्या किमतीशेजारी ठेवायला लाज वाटते. पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड असेल तरच तिच्या वाटेला जा. पहिल्या जुन्या गाडीसाठी तर नकोच.

आणि एक गोष्ट, जी तुला कुठलाच एजंट आपणहून सांगणार नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या काही गाड्यांची धडक चाचणी जाहीर केली. त्यात एअरबॅग नसलेल्या पोलोला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. गाडी तीच, चाकण तेच. त्यानंतर कंपनीने बिनएअरबॅगची पोलो विकणंच थांबवलं. म्हणजे २०१४ च्या फेब्रुवारीआधीची गाडी बघतेस तेव्हा आधी एवढंच बघ, स्टिअरिंगवर आणि डावीकडे डॅशबोर्डवर 'एअरबॅग' अशी अक्षरं आहेत का. तुझ्या फोटोत मला ती दिसली नाहीत. पॉलिश मात्र दिसलं.

बघायला जाशील ती सकाळी जा. विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेव, मी येईपर्यंत किल्ली लावायची नाही. गेल्या गेल्या, नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत, बोनेटवर तळहात ठेव. कोमट लागलं, तर काहीतरी लपवलंय असं धर आणि 'परत येते' म्हण. थंड इंजिन खोटं बोलत नाही. गरम झालं की सगळी गोडगोड होतात.

थंड असताना बोनेट उघड. ती गोल पारदर्शक टाकी कुलंटची. आतलं पाणी गुलाबी किंवा जांभळट दिसलं पाहिजे आणि दोन रेघांच्या मध्ये. तपकिरी असेल, तर माझा खंबाटकी आठव. त्या टाकीच्या आणि थर्मोस्टॅटच्या आसपास गुलाबी-पांढरे सुकलेले डाग आहेत का बघ. तिथले प्लॅस्टिकचे जोड उष्णतेने ठिसूळ होऊन पाझरतात. मग तेलाचं झाकण काढून उलटं कर. खाली सायीसारखा पिवळट थर असेल, तर तेलात पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. कधीकधी फक्त छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही थोडा थर धरतो, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नकोस. पण डिपस्टिकवरचं तेलही दुधाळ दिसलं, तर पुढे काही बघायचीच गरज नाही.

आता किल्ली तू लाव, त्याला लावू देऊ नकोस. आधी अर्धीच फिरव आणि मीटरवर बघ. एबीएसचा, एअरबॅगचा, इंजिनाचा दिवा पेटायला हवा आणि विझायला हवा, इंजिनाचा मात्र इंजिन चालू झाल्यावर. विझला नाही तर बिघाड आहे. एअरबॅग असलेल्या गाडीत तो दिवा मुळात पेटलाच नाही, तर त्याहून वाईट, कारण कोणीतरी तो मुद्दाम झोपवलाय. मग इंजिन चालू कर आणि गप्प राहा. या १.२ मध्ये टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. सुरुवातीला क्षणभर खळखळ झाली तर चालतं. खळखळ तशीच राहिली, तर चेन सैल पडलीये किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर थकलाय. तो टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, म्हणून घाणेरडं तेल म्हणजे लवकर मेलेली चेन. याच कारणाने गाडी उतारावर नुसती गिअरमध्ये टाकून ठेवायची नाही, हॅन्डब्रेक नीट ओढायचा. आणि बॅटरी उतरली म्हणून सोसायटीतल्या पोरांना बोलावून ढकलायचीही नाही. जम्पर वायर आण, ती पन्नास गोष्टींना उपयोगी पडते.

तीन सिलिंडरचं इंजिन थोडं थरथरतंच, त्याला घाबरू नकोस. पण आरशातला चेहरा दोन दिसायला लागला, तर इंजिनाचे माउंट गेलेत. आणि गाडी झटके देत, मरगळून चालायला लागली, इंजिनाचा दिवा उघडझाप करायला लागला, तर बहुतेक एक इग्निशन कॉइल गेलीये. तीनांतला एक सिलिंडर बसला म्हणजे एक तृतीयांश ताकद गेली. अशा वेळी 'घरी नेऊन बघू' करायचं नाही. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. कॉइल स्वस्त आहे, कन्व्हर्टर नाही.

धूर बघायला मागे जा. निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा, दाट, गोडूस वासाचा आणि न थांबणारा, म्हणजे कुलंट जळतंय. हिवाळ्यातली सकाळची पातळ वाफ वेगळी, ती दोन मिनिटांत जाते.

बॉडीबद्दल मी फार सांगत नाही, कारण तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. साडीवरचा डाग तुला दहा फुटांवरून दिसतो. तीच नजर दारांच्या फटींवर लाव. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या हव्यात. या गाडीचा पत्रा जस्ताचा थर दिलेला आहे, सहज गंजत नाही. कुठे गंज दिसला, तर आधी ठोकून दुरुस्त केल्याची शंका घे. सगळ्या काचांवर कोपऱ्यात बारीक खुणा असतात, एकीवरच वेगळ्या कंपनीचं नाव असेल तर ती का बदलली ते विचार.

ओली गाडी हा मात्र वेगळाच विषय. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला, जुलै २०२१ मध्ये चिपळूणला किती गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या, ते आपण टीव्हीवर बघितलंय. त्या सगळ्या भंगारात गेल्या असं समजू नकोस. एमएच ०९ किंवा एमएच ०८ दिसली की पळ काढ असंही नाही, त्यात माणसांचा काय दोष. पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. विकायच्या आधी लोक सगळं धुतात, पट्ट्याचं आतलं हातभर टोक विसरतात. तिथे मातकट रेघ सापडते. डिकीतला गालिचा उचल, स्टेपनी काढ, खालच्या खड्ड्यात हात फिरव. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघ. नुसता मागचा गालिचा ओला लागला, तर लगेच पुराचा ठपका ठेवू नकोस. या गाडीत दाराच्या आतल्या सीलमधून पावसाचं पाणी झिरपतं, ही जुनी खोड आहे. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराचा पाला साठला तरी तेच होतं. हे दुरुस्त होतं. पूर होत नाही.

चालवायला घेशील, तेव्हा तो म्हणेल, "मॅडम, इकडून घ्या, रस्ता मस्त आहे." तू खड्ड्यांच्या रस्त्याने घे. एसी चालू, गाणी बंद. स्पीडब्रेकरवर पुढून 'टक-टक' आलं तर लिंक रॉड किंवा आर्मचे बुश. किरकोळ खर्च, पण किंमत पाडायला उत्तम. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरव, 'कट-कट' आलं तर ॲक्सलचा जॉइंट. क्लचसाठी तिसऱ्या गिअरला सावकाश चालत असताना एकदम रेस दे. इंजिन ओरडतंय आणि गाडी तिथेच, म्हणजे क्लच प्लेट संपली. सगळ्या काचा खालीवर कर. दार घट्ट लावूनही मीटर 'दार उघडं' म्हणत असेल, तर दाराच्या लॉकमधला स्विच गेलाय; क्षुल्लक वाटतं, पण त्याने आतला दिवा जळत राहतो आणि सकाळी बॅटरी शून्य. आणि दोन किल्ल्या माग. दुसरी हरवली असेल तर नवी करून कोड करून घ्यायचे पैसे किमतीतून वजा कर.

५२ हजार किलोमीटरवर माझा विश्वास नाही. मीटर मागे फिरवणारी माणसं या शहरात कमी नाहीत. पण क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं आणि ड्रायव्हर सीटची उजवी कड मागे फिरवता येत नाही. म्हणूनच तर नवी कव्हरं घातलीत! ती उचलून बघ. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायरांवर वेगवेगळी सालं आणि वेगवेगळ्या कंपन्या दिसल्या, तर मालकाचा स्वभाव कळला. सर्व्हिसच्या बिलांची फाइल माग. ती जाड असली तर खूश हो. "काहीच काम निघालं नाही" म्हणणाऱ्याची भीती वाटू दे. काम निघालं नाही म्हणजे केलं नाही.

शेवटी दोन-अडीच हजार खर्चून फोक्सवॅगनचं काम करणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडे ती लिफ्टवर चढव आणि स्कॅनर लाव. विकणारा तयार नसेल तर विषय संपला. तिथे एखादा म्हणेलच, "मॅडम, साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो." तू हसून म्हण, "साहेबांना यातलं कळत नाही, मलाच सांगा." मी हे शंभरदा म्हटलंय आणि तुझ्या भावजींना खरंच कळत नाही. आणखी एक, स्कॅनरवर जे नाव येतं तो नेहमीच गुन्हेगार नसतो. 'अमुक सेन्सर' असं आलं म्हणून सेन्सर बदलायचा नाही. त्याची वायर उंदराने कुरतडली आहे का, ते आधी बघायचं. आपल्याकडे लोक बोनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवतात. उंदरांचं माहीत नाही, पण गाडीत बसलं की बाबांच्या मित्रांची आठवण येते.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे नाहीत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर. बाकी ई-चलन आधी त्याने भरायचं. नवी सुरक्षा नंबरप्लेट लागली आहे का बघ. इन्शुरन्स चौदा दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा. त्याचा नो-क्लेम बोनस तुला मिळत नाही, त्यामुळे "पन्नास टक्के बोनस आहे" याला भुलू नकोस. २०१३ च्या गाडीची पंधरा वर्षं २०२८ मध्ये भरतात. मग तपासणी, पाच वर्षांचं नूतनीकरण, वर पर्यावरण कर. हे धरूनच किंमत बोल.

आणि पैसे सगळे गाडीत घालू नकोस. तुझ्याकडे जेवढे आहेत, त्यांतला पाचवा हिस्सा बाजूला काढ आणि विसरून जा. पहिल्या महिन्यात तो लागेलच. घरी आणलीस की मागच्याने काय केलं होतं यावर न विसंबता तेल, तेलाचा फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, प्लग बदल. ब्रेक ऑइल बदल, ते हवेतलं पाणी शोषतं, दर दोन वर्षांनी बदलायचंच. कुलंट पूर्ण काढून योग्य ते भर. तेल घेताना डब्यावर फोक्सवॅगनचा ५०२ ०० हा आकडा शोध, ५डब्ल्यू-४० मध्ये सहज मिळतो. गाडी पंधरा हजार किलोमीटर पळो न पळो, वर्षाला एकदा तेल बदलायचं. मी तर दहा हजाराला बदलते. मेकॅनिक हसतो, हसू दे.

पेट्रोलचंही लक्षात ठेव. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि ही गाडी त्या काळातली नाही. ॲव्हरेज थोडं पडतं, तेवढं सोसायचं. पण जुन्या रबरी नळ्या, सील यांच्यावर लक्ष ठेव, पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्ष नको. आणि अर्ध्या टाकीवर महिनोन् महिने उभी करून ठेवू नकोस, इथेनॉल ओलावा ओढतं. आठवड्यातून एकदा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत तरी नेऊन आण. तेवढाच तुलाही वारा.

एवढं सगळं वाचून तुझं तोंड पडलं असेल, माहितीये मला. लाल रंग तुला किती आवडतो तेही माहितीये. म्हणून कालच एक शोधून ठेवलीये. तळेगावला, एका निवृत्त शिक्षिकेची, २०१५ ची. रंग राखाडी, पुढचा बंपर एका बाजूने खरचटलेला, सीटची कव्हरं विटलेली. किलोमीटर तुझ्या लालपेक्षा जास्त. पण फोनवर त्यांनी मला सर्व्हिसच्या तारखा वहीतून वाचून दाखवल्या आणि मध्येच म्हणाल्या, "मागचा डावा टायर थोडा जास्त झिजलाय हं, आधीच सांगते." शनिवारी सकाळी सात वाजता मी तुझ्या गेटवर येते. त्यांना सांगून ठेवलंय, किल्ली लावू नका. तू फक्त जुने कपडे घाल, स्टेपनी तुलाच काढायची आहे.